कॅमेऱ्यापुढचे शुभमंगल

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईला तोंड फुटते. कार्यालय, आचारी, गुरुजी, शालू, दागिने, पत्रिका अशी कामांची यादी घराघरांत तयार होते आणि त्या यादीच्या तळाशी कुठेतरी ‘फोटो व व्हिडिओ’ असे लिहिलेले असते. खर्चाच्या हिशेबात मात्र ही बाब आता तळाशी राहिलेली नाही. कार्यालयासाठी चार ठिकाणी फिरणारे, मठ्ठ्याची आणि जिलबीची चव आधी घेऊन पाहणारे यजमान चित्रीकरणाच्या बाबतीत ‘ते त्यांचे काम, ते करतील’ असे म्हणून मोकळे होतात. लग्नानंतर काही महिन्यांनी फिल्म हाती येते तेव्हा लक्षात येते, की वधूची आजी एकाही दृश्यात नाही. आत्याने स्वतः रचून म्हटलेल्या मंगलाष्टकाच्या जागी हिंदी चित्रपटाचे गाणे वाजते आहे. आणि सप्तपदी तर मुळी टिपलेलीच नाही, कारण त्या वेळी चित्रीकरण करणारी मंडळी जेवायला बसली होती. पदार्थ बिघडला तर दुसरा मागवता येतो, लग्नाचा मुहूर्त मात्र पुन्हा येत नाही. त्यामुळे या एका बाबतीत तक्रारीपेक्षा आधीची तयारी कितीतरी अधिक कामाची ठरते.

लग्नाचे चित्रीकरण ही आपल्याकडे चार दशकांची प्रथा आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि मध्यमवर्गीय लग्नांत खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस दिसू लागला. त्याच्यामागे हॅलोजनचा प्रखर दिवा उंच धरलेला मदतनीस आणि त्या दिव्याची पायात येणारी लांबलचक वायर, हे दृश्य अनेकांना आठवत असेल. पाहुण्यांना दिपवणाऱ्या त्या प्रकाशात पंगतीतला घास तोंडाशी नेणेही अवघड होई. त्या कॅसेटमध्ये बदामाच्या आकारात वधूचा चेहरा आणि गुलाबाच्या पाकळ्यांतून उमलणारे वर असे चमत्कार असत, हे खरे. पण त्यात तीन तासांचे लग्न सलग असे. कोण आले, कोण रुसले, कोणी काय आहेर केला, हे सारे त्यात सापडे.

आज कॅमेरे हलके झाले आहेत, कमी प्रकाशातही उत्तम टिपतात आणि हातात धरून चालले तरी चित्र थरथरत नाही. त्याचबरोबर फिल्मचे स्वरूपही बदलले. एका मिनिटाचा ‘टीझर’, पाच-सात मिनिटांची ‘सिनेमॅटिक’ फिल्म, मोबाइलवर उभी दिसणारी ‘रील’ हे आजचे प्रकार आहेत. ते देखणे असतात यात शंका नाही. मात्र पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये लग्न नसते, लग्नाचा भास असतो. वधूवरांनी पहिला निर्णय घ्यायचा तो इथेच. आपल्याला गाण्यावर बेतलेले सुंदर चित्र हवे आहे, की विधींची आणि माणसांची सलग नोंद? दोन्ही हवे असेल तर तसे आधीच सांगावे लागते, कारण दोहोंसाठी चित्रीकरणाची पद्धत निराळी आहे. सिनेमॅटिक फिल्मसाठी कॅमेरामन दहा-दहा सेकंदांचे तुकडे टिपत फिरत राहतो. सलग नोंदीसाठी एक कॅमेरा तिपाईवर लावून तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू ठेवावा लागतो. हा तिपाईवरचा कॅमेरा फारसा कौतुकाचा विषय नसतो, पण वीस वर्षांनंतर घरातली मंडळी जमतात तेव्हा त्याचेच चित्रीकरण लावले जाते. गेलेल्या माणसाचा चेहरा, त्याचे हसणे, त्याचा आवाज शोधायला तेच उपयोगी पडते.

ठरवण्यापूर्वी कामाचा नमुना पाहणे आलेच. पण तो नमुना म्हणजे टीझर नव्हे. राजवाड्यातल्या किंवा समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नाचा टीझर कोणाचाही चांगलाच दिसतो. आपल्यासारख्याच साध्या कार्यालयात, ट्यूबलाइटच्या उजेडात लागलेल्या एखाद्या लग्नाची संपूर्ण फिल्म दाखवण्याचा आग्रह धरावा. तीत मंगलाष्टके नीट ऐकू येतात का आणि अक्षता पडतानाचे दोघांचेही चेहरे दिसतात का, एवढे पाहिले तरी पुरेसा अंदाज येतो.

त्यानंतरचे काम म्हणजे विधींचा क्रम लिहून काढणे. अनुभवी कॅमेरामनला सारे ठाऊक असते, असे गृहीत धरले जाते. परंतु महाराष्ट्रात ‘लग्न’ या एका शब्दात किती प्रकार सामावले आहेत! कोकणस्थ, देशस्थ, मराठा, सारस्वत, आगरी अशा प्रत्येक घरात सीमांतपूजनापासून गृहप्रवेशापर्यंतचा क्रम थोडा थोडा बदलतो. कुठे कन्यादान अक्षतांच्या आधी असते, कुठे नंतर. बौद्ध पद्धतीचा विवाह थोड्या वेळात आटोपतो. वंदना आणि प्रतिज्ञा यांतला एकही शब्द सुटला तर पुन्हा संधी नाही. सत्यशोधक पद्धतीत तर वधूवरांनी स्वतः उच्चारलेल्या प्रतिज्ञा हाच विवाहाचा गाभा, म्हणजे तिथे चित्रापेक्षा ध्वनी महत्त्वाचा. वसईच्या चर्चमध्ये वेदीजवळ कॅमेरा कुठवर न्यायचा हे धर्मगुरू सांगतील त्याप्रमाणे असते. निकाहात वधू आणि वर अनेकदा वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले असतात, तेव्हा दोन्हीकडचे ‘कबूल है’ टिपायला दोन कॅमेरे आणि वधूच्या खोलीसाठी शक्यतो स्त्री कॅमेरामन लागते. म्हणून लग्नापूर्वी आठवडाभर तरी आधी गुरुजींशी, किंवा जे कोणी विधी चालवणार असतील त्यांच्याशी, कॅमेरामनची फोनवर गाठ घालून द्यावी. ‘या वेळी मी इकडे तोंड करून बसेन, वधूवर पूर्वेला असतील, होम या कोपऱ्यात’ एवढे कळले तरी अर्धी लढाई जिंकली जाते.

मराठी लग्नातला सर्वांत अवघड क्षण अंतरपाट दूर होण्याचा. तो अगदी थोडका असतो. शेवटचे ‘सावधान’ संपते, वाजंत्री एकदम सुरू होते, अक्षतांचा वर्षाव होतो, मामा मागून पुढे सरकतात आणि त्याच वेळी शंभर मोबाइल हवेत उंचावतात. या गर्दीत वधू आणि वर पहिल्यांदा एकमेकांकडे पाहतात, आणि नेमके तेच बहुतेक फिल्ममध्ये नसते. एका कॅमेऱ्याने हे साधत नाही, कारण दोघे समोरासमोर असतात. एकाचा चेहरा दिसतो तेव्हा दुसऱ्याची पाठच दिसते. एक कॅमेरा वराच्या खांद्यामागून वधूकडे, दुसरा वधूच्या बाजूने वराकडे आणि तिसरा उंचावरून सगळ्या मंडपाकडे, अशी रचना असेल तर काम होते. त्यासाठी व्यासपीठावर दोन माणसांपुरती जागा मोकळी राहायला हवी. ती मोकळी ठेवणे कॅमेरामनच्या हाती नसते. नातेवाइकांना बाजूला व्हा म्हणायचा अधिकार त्याला नाही, आणि त्याने तसे म्हटले की वरपक्षाचे कोणी तरी रागावतेच. ही जबाबदारी घरातल्या एखाद्या खमक्या काकांकडे किंवा मावशीकडे सोपवावी. मोबाइल खाली ठेवण्याची विनंती गुरुजींनीच ध्वनिवर्धकावरून केली, तर ती मानली जाण्याची शक्यता सर्वाधिक.

अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीकडे वळतात. मंडपात उरतात ती घरची चार माणसे, गुरुजी आणि धूर. विवाहहोम, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी हे सारे यानंतर होते आणि कॅमेरामनची जेवणाची वेळही नेमकी हीच असते. वास्तविक १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्या विवाहविधींत सप्तपदीचा समावेश आहे तिथे सातवे पाऊल टाकल्यावरच विवाह पूर्ण होतो. अक्षता म्हणजे लग्न, ही समजूत लोकांची, कायद्याची नाही. केवळ नोंदणीचे प्रमाणपत्र असून भागत नाही, विधी प्रत्यक्ष झालेले असावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका निकालात स्पष्ट केले. सप्तपदीचे अखंड चित्रीकरण हा त्यामुळे नुसता हौसेचा भाग राहत नाही. यावरचा उपाय साधा आहे. चित्रीकरण करणाऱ्यांना मुहूर्तापूर्वीच्या फराळात पोटभर खायला द्यावे आणि होमानंतर त्यांचे पान मानाने वाढावे. पंगत उठल्यावर उरलेसुरले त्यांच्यापुढे ठेवणारी घरेही असतात. त्यांच्या फिल्ममध्ये उत्साह कमी दिसला तर नवल नाही.

गौरीहराच्या पूजेचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. बाहेर सनई, गडबड, मानापमान चालू असताना वधू एका खोलीत अन्नपूर्णेसमोर एकटी बसलेली असते. लग्नाच्या दिवसातला तो तिचा एकमेव शांत वेळ. तिथे दिवे आणि तीन माणसे घुसली की तो वेळ उरत नाही. एकच व्यक्ती, शक्यतो स्त्री, कृत्रिम प्रकाशाशिवाय खिडकीच्या उजेडात दाराशी थांबून पाच मिनिटे टिपेल, तर ते चित्र साऱ्या फिल्ममध्ये सरस ठरते.

ध्वनीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन पंधरा फुटांवरून गुरुजींचा आवाज टिपू शकत नाही. तो टिपतो शेजारच्या दोन बायकांची कुजबूज आणि पंख्याची घरघर. गुरुजींच्या उपरण्याला एक छोटा बिनतारी माइक लावला तर मंत्र, त्यांचा अर्थ आणि मध्येच त्यांनी केलेला विनोदही स्पष्ट येतो. वराच्या अंगरख्याला किंवा उपरण्याच्या आतल्या बाजूला दुसरा लावता येतो. वधूच्या अंगावर मात्र तो नको. शालूची सळसळ आणि हिरव्या चुड्याची किणकिण यांपुढे दुसरे काही ऐकू येणार नाही. तिचा आवाज वराच्या माइकवर पुरेसा येतो. मंगलाष्टके म्हणणारे नातेवाईक कार्यालयाच्या ध्वनिवर्धकावर म्हणतात, तेव्हा त्या यंत्रणेतूनच थेट एक तार घेऊन ध्वनी वेगळा मुद्रित करता येतो. त्यासाठी कार्यालयाच्या ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला आधी सांगून ठेवावे लागते, एवढेच. उखाण्याच्या वेळी ‘नाव घे, नाव घे’ असा गलका होतो आणि नाव घेतल्यावर टाळ्या. मधले दोन चरण हरवतात. माइक असेल तर तेही सापडतात.

प्रकाशाचे गणित थोडे समजून घेतले तर सजावट ठरवताना उपयोग होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. शटरचा वेग सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर नसला तर चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. व्यासपीठामागे स्वस्त एलईडीची मोठी भिंत असेल तर हा उपद्रव हमखास होतो. कॅमेरामनने आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन दिवे लावून पाहणे हाच उत्तम उपाय. दुसरे संकट रंगांचे. छताला पांढऱ्या ट्यूब, झुंबरात पिवळे बल्ब आणि मागून मंडपवाल्याने सोडलेला जांभळा प्रकाश असे एकत्र आले, की कुठल्याही कॅमेऱ्याला चेहऱ्याचा खरा रंग सापडत नाही. किमान मुहूर्ताच्या वेळी रंगीत दिवे बंद ठेवून वधूवरांवर एकाच प्रकारचा सौम्य प्रकाश असावा. हळदीचे तसेच. पिवळ्या बल्बखाली पिवळी हळद मातकट दिसते. सकाळच्या उजेडात, अंगणात किंवा गच्चीवर मांडवाच्या सावलीत ती खरी सोन्यासारखी दिसते. गोरज मुहूर्त असेल तर वेळेचे भान अधिक हवे. सूर्य बुडतानाचा तो उजेड सुंदर असतो, पण झपाट्याने सरतो. बाहेरची छायाचित्रे ‘अक्षता झाल्यावर काढू’ म्हटले, की अंधारच हाती लागतो.

वधूवरांनी स्वतः काय करावे? अभिनय तर मुळीच नको. हार घालताना हात क्षणभर थांबवावा, वाटीतल्या लाह्या घाईने ओतू नयेत, चालताना नेहमीपेक्षा किंचित सावकाश चालावे, एवढे पुरे. कॅमेऱ्याकडे पाहू नये. एकमेकांकडे, गुरुजींकडे, समोरच्या माणसाकडे पाहावे. मुंडावळ्या थोड्या बाजूला, कानाच्या रेषेत बांधल्या तर डोळे झाकले जात नाहीत. वराला चष्मा असेल तर परावर्तन टाळणारी भिंगे असलेला वापरावा. आणि ‘ते मंगळसूत्र पुन्हा एकदा घाला बरं’ अशी फर्माईश झाली, तर हसून नाही म्हणावे. विधी एकदाच होतो. तो दुसऱ्यांदा करायला लावणारा कॅमेरामन पहिल्या वेळी आपल्या जागेवर नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

माणसांची यादी ही विधींच्या यादीपेक्षाही मोलाची. आजी-आजोबा, गावाहून येणारे थोरले काका, वधूला लहानपणी सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू, आजारपणातून उठून आलेली मावशी, अशी पंधरा-वीस नावे लिहावीत. परक्या कॅमेरामनला या चेहऱ्यांची ओळख असण्याचे कारण नाही. त्याच्यासोबत दिवसभर राहणारा एखादा चुलतभाऊ किंवा करवली नेमून द्यावी. वृद्ध मंडळी व्यासपीठावर चढत नाहीत, रांगेत उभी राहत नाहीत, जेवून लवकर घरी जातात. त्यांना खुर्चीतच गाठून दोन मिनिटे बोलते करावे. ‘तुमच्या लग्नात काय झालं होतं?’ असे विचारले की आजी आपोआप बोलू लागते. त्या दोन मिनिटांची किंमत कुटुंबाला पुढे कळते.

व्यवहाराची बाजू लेखी असावी. किती माणसे, किती कॅमेरे, किती तास, कोणत्या तारखेला काय मिळणार, संकलनात किती वेळा बदल सुचवता येतील आणि असंपादित चित्रीकरण मिळणार की नाही, हे नोंदवावे. मोठ्या मुहूर्ताला एकाच स्टुडिओकडे चार-चार लग्ने असतात. ज्याचे काम पाहून पसंती दिली तोच येणार आहे का, हे नावानिशी लिहून घ्यावे. एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर मुद्रण होते का, हेही विचारावे, कारण एक कार्ड खराब झाले की लग्न गेले. फिल्मवर हक्क कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या छायाचित्राचा किंवा फिल्मचा पहिला स्वामी, उलट करार नसेल तर, ती करवून घेणारा असतो. म्हणजे हक्क यजमानांचा. मात्र अनेक स्टुडिओंच्या छापील करारात बारीक अक्षरांत नेमका उलट करार असतो आणि त्या आधारे वधूचे चित्र त्यांच्या जाहिरातीत झळकते. हळदीची, नटण्याची, पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या आईची दृश्ये जाहिरातीसाठी वापरायची नाहीत, एवढे एक वाक्य करारात घालता येते. फिल्म मिळालीच नाही किंवा भलतीच मिळाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

गाण्यांबाबत मोठा गोंधळ आहे. याच कायद्याच्या बावन्नाव्या कलमात धार्मिक विधीच्या, आणि त्यात विवाहाची वरात व विवाहाशी निगडित समारंभही आले, प्रसंगी वाजवल्या जाणाऱ्या संगीताला सूट आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सूचना काढून याची आठवणही करून दिली. गोवा सरकारने याच विषयावर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. मूळ कलम मात्र कायम आहे. पण ही सूट मांडवात वाजणाऱ्या गाण्यासाठी आहे. तेच गाणे फिल्मला जोडून ती इंटरनेटवर चढवणे ही निराळी गोष्ट, आणि तिथे फिल्मचा आवाज बंद पडतो किंवा ती काढून टाकली जाते. सनई, मंगलाष्टके आणि घरच्यांचे आवाज वापरले तर हा प्रश्न उद्‌भवत नाही, शिवाय फिल्म आपली वाटते.

ड्रोनची हौस वाढली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या परिघापासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. मुंबईचा विमानतळ वस्तीच्या मधोमध असल्याने उपनगरांतली असंख्य कार्यालये या कक्षेत येतात. व्यवसायासाठी २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन उडवणाऱ्याकडे चालकाचे प्रमाणपत्रही हवे. पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात ते वेगळेच. लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी शनिवारवाडा किंवा रायगड यांसारखी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्थळे निवडणाऱ्यांनीही आधी परवानगीची चौकशी करावी. दारावरून परत फिरण्यापेक्षा ते बरे.

राहता राहिले जतन. सेकंदाला शंभर मेगाबिट या वेगाने मुद्रण झाले तर तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. तीन कॅमेरे सहा तास चालले तर आकडा ८०० जीबीच्या वर जातो. स्टुडिओ हे सारे कायम सांभाळत नाहीत. जागा रिकामी करायला काही महिन्यांत पुसून टाकतात. म्हणून दोन हार्ड डिस्क यजमानांनीच द्याव्यात, एक वधूच्या माहेरी आणि एक सासरी ठेवावी आणि वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवशी म्हणा, जोडून पाहावी. स्टुडिओकडे हे काम सोपवतानाच कपाटातली आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेटही रूपांतरासाठी द्यायला हरकत नाही. व्हीसीआरचे उत्पादन २०१६ मध्ये जगातूनच थांबले आणि आपल्या पावसाळ्यात त्या फितीवर बुरशीचे पांढरे डाग धरतात. ते दिसत असतील तर कॅसेट घरच्या यंत्रात घालून पाहू नये, फीत तुटते. जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी.